बाबांची तार, ताईचा कान

हॅलो?… हाव ताई, बोल… जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही, पण ताट मंजुषाकाकूनं उचललं, म्हणजे जेवलोच असन… नाही, रडलो नाही अजून. बाबा गेल्यापासून काकू तेच विचारते येता-जाता, नळ आला का विचारावं तसं…

मागच्या खोलीत. बाबाच्या टेबलापाशी बसून मधपेटीच्या चौकटीले तारा ओढून राहिलो… अवं ऐक ना, येड नाही लागलं मले. सकाळी शफीकभाईचा फोन होता. त्यायची संत्र्याची बाग फुलली, तिथं ठेवलेली आपली पेटी भरली. माश्यायले आत जागा नाही, दाराशी दाढीसारख्या लटकून राहिल्या. उद्या नव्या चौकटी नाही देल्या तर उडून जातीन म्हणे… हाव, तीच. बाकीच्या पेट्या बाबानंच वाटून टाकल्या होत्या ना, ही एकच ठेवली होती…

काकाले सांगितलं. ते म्हणे, तेरवीच्या आधी असलं काम करत नाहीत. मी म्हटलं, माश्यायले विचारून पाहतो, थांबतात का… नाही, हसले नाही.

उद्धवमामा बडनेऱ्याले उतरले, ऑटोनं येऊन राहिले… स्कूटर बंद आहे. म्हणजे तिची बॅटरी माझ्यापुढं आहे. करंट देला की तार गरम होऊन मेणाच्या पत्र्यात बसते, बाबा तसंच करत ना… सांगितलं मामाले, बॅटरी माश्यायले लागते म्हणून. त्यायनं फोन ऑटोवाल्याले देला, याले पत्ता सांग म्हणे.

तू उठून बसली काय?… मग आवाज काहून असा येते? डॉक्टरनं बाळंतपणापर्यंत पडून राहायले सांगितलं ना, पड. अकोल्याहून यायची घाई नको, घर पळून नाही जात… अवं नाही, तू आली नाही म्हणून कोणी काही म्हणत नाही… काकू म्हणाली एकदा. तेव्हापासून तिचा चष्मा सापडून नाही राहिला. फ्रिजमध्ये आहे.

ऐक, तुझ्याशीच काम होतं. तार ढिली राहिली तर उन्हाळ्यात पत्रा वाकते, पोळं मधासगट खाली बसते. अन् किती ओढायची ते मले समजत नाही. बाबा ओढत, टिचकी तू मारायची, अन् बरोबर आवाज आला की तूच म्हणायची, ‘बस.’ मले तर जवळ येऊ देत नव्हते. याले कान फक्त पिळायसाठी देले म्हणत… हाव ना. तर फोन तारेजवळ धरतो. ऐक.

…ढिली? बरं.

…आता?… अजून? अवं, तुटन ना… तुटली. थांब, दुसरी ओवतो… बोट? नाही कापलं. थोडं कापलं. दुखून नाही राहिलं. काहीच दुखून नाही राहिलं ताई, तेच तर… थांब. हे ऐक.

…

हॅलो?… ताई?… आहेस ना?… ‘बस’ म्हण ना… बरं, नको म्हणू. समजलं मले. रडून घे, मी आहे…

फोन पोटावर ठेवते? ठेव. त्यालेबी ऐकू दे. कान तुझ्यावर गेला तर कामाचा, माझ्यावर गेला तर पिळायच्या कामाचा… हं, दुसरी चौकट घेतली. ऐक.

…काय म्हणाली?… पुन्हा म्हण…

हाव, ऐकलं. ‘बस.’

बरं, आता ठेवतो. मामाचा ऑटो आला वाटते, अन् मले चौकट दिसून नाही राहिली… काही नाही झालं ताई. नळ आला.