काचेच्या कौलातलं ऊन

तुम्हाला सांगते, चिक्कडपल्लीचं आमचं कौलारू घर पाडून नवं बांधायचं ठरलं, पण थोरल्या जाऊबाईंचं एकच, "नक्को!" स्वयंपाकघरातल्या काचेच्या कौलातून पडणाऱ्या उन्हावर त्यांनी जन्मभर वेळ ओळखली होती. ते कौल नसलेलं घर त्यांना नको होतं.

मग माझ्या लेकीनं कॉम्प्युटरवर नव्या घराला उतरतं छप्पर काढलं. दोन उतार काही केल्या जुळेनात, तीनदा मोडलं. शेवटी जमलं, त्यात काचही बसवली. म्हणाली, "मोठी आई, बघ हं, आता सूर्य फिरवते."

पडद्यावर उन्हाचा चौकोन ओट्यावरून सरकत भिंतीला टेकला.

जाऊबाई ओरडल्याच, "अगं थांब! भिंतीला ऊन टेकलं की पोरं शाळेतून जेवायला येतात. सूर्य जरा मागं घे, माझं वरण व्हायचंय!"