आडवा तंबू

लोवेल : खुंट्या पिशवीत भरल्या. एक वाकली आहे, बाकी ठीक.

व्हर्ना : बरं.

लोवेल : खाण्याचा डबा मागच्या सीटवर ठेवू का? एल पासोला पोचेपर्यंत तुला भूक लागेल.

व्हर्ना : म्हणजे मला तिथे मर्लीनकडे सोडून तू परस्पर घरी जाणार.

लोवेल : बहिणीकडे जायचं तूच म्हणाली होतीस.

व्हर्ना : मी काय म्हणाले होते, ते नीट आठव. या सहलीतही आपण दोघं मुक्यासारखे बसून राहिलो, तर जाईन. सहल संपल्यावर. आज दुसराच दिवस आहे, लोवेल.

लोवेल : हो. मलाही जरा लवकरच वाटलं. पण म्हटलं, तुला पुरेसं झालं असेल.

व्हर्ना : मला? मी दरीतून फिरून येते, तर तंबू भुईसपाट. तू आपला खाली मान घालून खुंट्या उपटतोयस. आणि पुरेसं झालं ते मला?

लोवेल : मी कड्यावरून उतरलो तेव्हा तंबू आडवाच होता. वर दगड ठेवलेले. मला वाटलं, तू पाडलास.

व्हर्ना : आणि मला वाटलं, तू.

लोवेल : मग वाऱ्याने पाडला असेल.

व्हर्ना : वाऱ्याने पाडला, काठ्या काढल्या, दोरीने बांधल्या आणि वर दगड ठेवले. फारच टापटिपीचा वारा.

लोवेल : म्हणूनच मला तू वाटलीस.

व्हर्ना : ती गाठ बघ. मला बुटाची नाडी धड बांधता येत नाही.

लोवेल : मग कोणी पाडला?

व्हर्ना : मला काय विचारतोस? ती बघ, कोणीतरी बाई हात हलवत येतेय.

डोरीन : अहो, दगड का काढलेत? उडेल ना तो. तो कोपरा दाबा आधी, पायाने दाबा. हां.

लोवेल : माफ करा, आपण?

डोरीन : डोरीन. त्या निळ्या गाडीत राहते, तुमच्या शेजारी. दुपारी खिंडीतून वाऱ्याचा असा झोत आला, तुमचा तंबू पार गुडघ्यावर आला होता. तुम्ही दोघंही नव्हता, मग दिला मीच झोपवून. इथे सगळे तेच करतात. मागच्या वसंतात माझी छत्री अशीच कोणीतरी मिटून ठेवली. कोणी ते अजून कळलेलं नाही.

व्हर्ना : एखादी चिठ्ठी तरी ठेवायची, बाई.

डोरीन : या वाऱ्यात चिठ्ठी? बरं, सामान का भरताय? निघालात की काय?

व्हर्ना : तेच ठरवतोय.

डोरीन : ठरवा, ठरवा. माझ्या बीन्स करपतायत, मी पळते.

(डोरीन जाते. दोघे तंबूच्या एकेका कोपऱ्यावर पाय देऊन उभे.)

लोवेल : म्हणजे कोणीच काही ठरवलेलं नव्हतं.

व्हर्ना : पण तू घडी घालायला घेतलीस.

लोवेल : तुझं ठरलंय, असं वाटलं म्हणून.

व्हर्ना : मी घर सोडून चाललेय असं तुला वाटलं. आणि तू डबा कुठे ठेवू ते विचारलंस.

लोवेल : अडवणं बरं दिसेल की नाही, ते कळेना.

व्हर्ना : कोणाला बरं दिसायचंय? इथे आहे कोण?

लोवेल : तूही काही बोलली नाहीस. मी खुंट्या उपटत होतो, तू बघत उभी होतीस.

व्हर्ना : ...हो. ते आहे खरं.

लोवेल : मग आता तंबू उभा करू, की भरू? मला खरंच कळत नाहीये, व्हर्ना.

व्हर्ना : मलाही नाही. वारा पडेपर्यंत राहू दे असाच. बस इथे, कोपऱ्यावर. मी त्या कोपऱ्यावर बसते.

लोवेल : बसून काय करायचं?

व्हर्ना : बोल काहीतरी.

लोवेल : काय बोलू?

व्हर्ना : ते मी सांगितलं, तर ते माझंच बोलणं होईल.

लोवेल : ...काल रात्री तू झोपेत हसत होतीस. बराच वेळ. कशाला हसत होतीस, ते सकाळी विचारणार होतो.

व्हर्ना : मग विचारलं का नाहीस?

लोवेल : तू कॉफी पीत होतीस.