गळ्यातला काठ

इंदूबाई : आनला का कागद?

संध्या : आणला, काकू. पोलीस ठाण्याची सही घेऊनच आली. हे हवालदार आहेत संगं. आता कुलूप तोडता येते.

इंदूबाई : मांगच्या मंगळवारी तुमी आल्या तवाच तोडलं असतं तं? एवढंसं कुलूप. माया वरवंट्यानं तुटलं असतं.

संध्या : मले हक्क नाही ना काकू तेवढा. रस्त्यावरचं कुत्रं असतं तं तवाच आमच्या प्राण्यांच्या संस्थेच्या गाडीत घातलं असतं. पण हे फाटकाच्या आत, साखळीले बांधलेलं, गळ्यात पट्टा. पट्टा म्हणजे मालक आला. त्याच्या आवारात शिरायचं तं पोलीस लागतात. खुशालरावले दोनदा फोन लावला. म्हणे, मी अकोल्यात पोराकडं आहो, अमरावतीले चक्कर होते माझी, शेजारची बाई भाकर टाकते, कुत्रं मजेत आहे.

इंदूबाई : मजेत! तो गेला तवापासून, दिवाळीपासून, मी भिंतीवरून भाकर फेकून राहिली. कडुनिंबाच्या मांगं बांधलं त्यानं, मले नुसती शेपटी दिसते. ‘बंड्या’ म्हनलं का हालते. चार दिसापासून भाकर तशीच पडून हाय. वास येते, म्हनून तं काल तुमाले परत फोन केला.

संध्या : बरं केलं. हवालदार साहेब, मारा हातोडी. काकू, तुम्ही मागंच थांबा.

(कुलूप तुटते. फाटक उघडते.)

इंदूबाई : बंड्या! हाय का रे बाप्पा? म्याडम, काय दिसून राहिलं? बोला ना!

संध्या : जिवंत आहे. उठत नाही. अरे देवा... मान सडली याची. किडे पडले. हे साखळीनं नाही झालं, साखळी सैल आहे. खाली काहीतरी बांधलेलं आहे. मांसात रुतलं.

इंदूबाई : पट्टाच असंल.

संध्या : पट्टा नाही. फाटकातून मी पट्टा समजली. कापड आहे. पिल्लू असताना बांधलं असंल कोणी, मग सोडलंच नाही. कुत्रं मोठं झालं, गाठ तेवढीच राह्यली. साहेब, माझ्या पिशवीतली कात्री द्या. थांब राजा, थांब, झालं... लुगड्याचा काठ आहे, काकू. लाल.

इंदूबाई : पिवळी रुईफुलं हायेत का त्याच्यावर?

संध्या : रक्तात काही दिसत... हो. आहेत. काकू? खाली काहून बसल्या?

इंदूबाई : मी बांधला तो.

संध्या : तुम्ही?

इंदूबाई : दोन वर्सं झाले. तुमची गाडी आली होती गल्लीत. नेलेलं कुत्रं वापस येत नाई, अशी बोंब होती. गळ्यात काई दिसलं का सोडून देतेत, म्हनून अख्खी गल्ली हाताले येईन ते बांधून राहिली होती. मी लुगडं फाडलं. एवढुसा होता हा. तुमच्या मानसानं पाह्यलं, म्हने पाळीव हाय, अन् सोडून देल्लं. किती खुश झाली होती मी!

संध्या : नसबंदीचं ऑपरेशन करून वापस सोडतो आम्ही. जिथून नेलं तिथंच.

इंदूबाई : मले काय मालूम, माय? मंग खुशालरावनं नेला राखनीले. मले वाटलं, सोडला असंल त्यानं काठ. इचारलंच नाई मी. रोज भाकर टाकली, पन इचारलं नाई.

संध्या : दोन वर्षं त्याच्या दारात होतं. मान त्याले दिसत नव्हती का? पंचनाम्यात त्याचंच नाव जाईल.

इंदूबाई : जाऊ द्या नाव. पाहा, शेपटी हालवून राहिला. वळखलं मले.

संध्या : या, डोकं मांडीवर घ्या त्याचं. हळू. डॉक्टर निघाले आहेत.

इंदूबाई : येतेत ना रे बाप्पा डॉक्टर. थांब जरासा. ... गाडीतच घेऊन चला ना त्याले.

संध्या : काकू... शेपटी थांबली.

इंदूबाई : तरी न्या, माय. आता तं गळ्यात काई नाई त्याच्या.