बरणीच्या तळाशी

टॅबिथा : बाबा, आपला एनॉक कधीच का रडत नाही?

बाबा : हे काय विचारणं झालं? गुणी आहे पोरगं.

टॅबिथा : मी हेच सांगितलं! तर शाळेतली फ्लॉरी म्हणते, हिंमत असेल तर घरी विचार. मॉडनं तर पैजच लावली, की ही शेपूट घालणार. घ्या, विचारलं!

बाबा : जिंकलीस ना पैज? मग चिकटव ती लेबलं बाटल्यांवर. गिरणीतल्या बायका औषध न्यायला येतील एवढ्यात.

टॅबिथा : "पिकर्सगिलचं बाळशांती. दात, पोटदुखी, किरकिर, सगळ्यावर हमखास." आणि आत अफू आहे, ते कुठे लिहिलंय?

बाबा : हळू बोल, दुकान आहे हे! थेंबभर असते. सगळेच घालतात.

आई : टॅबी! धुण्याच्या टबातून हात काढून यायला लावलंस! सोमवार आहे, चादरींचा ढीग पडलाय, आणि तू इथे वकिली करतेयस?

टॅबिथा : आई, एनॉक कुठाय?

आई : कुठे असणार? टोपलीत, निजलाय.

टॅबिथा : कालही निजलेलाच होता. चर्चमध्ये पाद्रीबुवांनी मूठ आपटली तेव्हा अख्खी बाकं दचकली, हा ढिम्म! आणि त्याचे हात बघ, नुसत्या मेणबत्त्या!

आई : अगं, तूही याच औषधावर वाढलीस.

बाबा : आणि तोंड बघ केवढं चालतंय!

आई : शिवाय विकायच्या बाटल्यांना मी हात लावत नाही हं. बाटल्या भरून झाल्या की मोठ्या बरणीच्या तळाशी तो काळा, दाट गाळ उरतो ना? गिऱ्हाईक तर घेत नाही. फेकायचा कशाला? तोच चमचाभर देते एनॉकला.

बाबा : काय देतेस?

आई : गाळ. अहो, असे काय बघताय?

बाबा : मार्था, मी दर गिऱ्हाइकाला घसा फोडून सांगतो, बाटली हलवून घ्या म्हणून!

आई : मी काय गिऱ्हाईक आहे? मला कधी सांगितलंत?

टॅबिथा : हलवायची का असते, बाबा?

बाबा : अफू... खाली बसते.

आई : थेंबभर म्हणत आलात मला! इतकी वर्षं!

बाबा : बाटलीत थेंबभर, मार्था. तळाशी बरणीभराची... आज कितीदा दिलंस?

आई : आज? आज अजून दिलंच नाही. उठला की देणार होते. हा... हा कालचाच निजलाय.

(टॅबिथा आत धावते आणि टोपलीतून बाळ उचलून आणते.)

बाबा : श्वास?

टॅबिथा : चालू आहे. बाबा, दुकानाला कुलूप लावा आणि डॉक्टरांना आणा, पळा! आई, तू तो गाळ फेकून दे आधी. आणि दोघंही ऐका. शाळा बुडो, धुणं पडो, हा रडेपर्यंत मी याला खाली ठेवणार नाही.