बदामवाल्या वहिनी

ती: हलवत राहा. हात थांबला की बदाम एका बाजूनं करपतात.

तो: आच कमी करू?

ती: आहे तेवढी ठीक आहे. आज तुमचा चष्मा द्यायला ऑफिसात आले होते.

तो: समजलं. वर यायचंस की.

ती: वरच येत होते. लिफ्टमननं विचारलं, कुणाकडे? तुमचं नाव सांगितलं, तर म्हणाला, म्हणजे बदामवाल्या वहिनी तुम्हीच.

तो: बोलका आहे तो.

ती: पुढे म्हणाला, या खेपेला मिरी जरा वर चढली होती, राग मानू नका.

तो: हं.

ती: सोमवारी तुम्ही मला हेच म्हणालात. अगदी 'राग मानू नकोस'सकट.

तो: तेल आता घालायचं का?

ती: चमचाभर. डबा रोज रिकामा येतो, तो त्याच्यामुळे?

तो: कवळी बसवल्यापासून.

ती: कवळी मस्त बसलीय म्हणाला होतात.

तो: मस्तच बसलीय. फक्त बदाम दिसला की उठून उभी राहते.

ती: मग मला सांगायचं.

तो: तू काप करून दिले असतेस. ऑफिसात चिरलेले बदाम खाताना बरं दिसतं का?

ती: आणि 'जिरं आधी बोलतं, तिखट मागून येतं' म्हणाला होतात, ते कुणाचं?

तो: त्याचंच. तळमजल्यावर तोंडात टाकतो, चौथ्या मजल्यापर्यंत काही बोलत नाही. मग सांगतो.

ती: आणि 'हात बसलाय तुझा' म्हणालात, ते?

तो: तो 'वहिनींचा' म्हणाला होता. तेवढं मी बदललं.

ती: लग्न झाल्यापासून माझ्या कुठल्याही पदार्थाला तुम्ही 'चालेल'च्या पुढे गेला नाहीत. या वर्षी एकदम बोलायला लागलात. मी ताईला फोन करून सांगितलं, उशिरा का होईना, माणूस सुधारला.

तो: काय म्हणाल्या ताई?

ती: डॉक्टरला दाखव म्हणाली.

तो: गॅस बंद करू?

ती: करा. तिखट नंतरच टाका, नाहीतर घरभर ठसका. आता जिरेपूड, मिरी, मीठ. खालून वर हलवा.

तो: उद्या डबा भरशील ना?

ती: त्याचा भरेन. त्याला चव कळते.

तो: मी त्याला काय सांगू?

ती: मिरी कमी केलीय म्हणून सांगा. आता तुमचं बोला. दात होते तेव्हा माझे बदाम कसे लागायचे?

तो: चांगले लागायचे.

ती: म्हणजे चालायचे.

तो: तेव्हा कुणी विचारत नव्हतं.

ती: आता विचारतेय. हा घ्या. चावू नका, जिभेवर ठेवा. आणि लिफ्टमनचं नको, तुमचं सांगा.

(तो बदाम तोंडात ठेवतो. ती उरलेले ताटात पसरते.)

तो: मीठ लागलं. पुढचं अजून यायचंय.

ती: येऊ द्या. मला कुठे जायचंय.