घोंगडीखालचा हंडा

नाव: सौ. सावित्रीबाई रावजी भोये, वय ५७ वर्षे, धंदा शेती व मजुरी, राहणार मौजे खिरमाळ, तालुका त्र्यंबकेश्वर, जिल्हा नाशिक.

पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, महिला हवालदार स्नेहल गांगुर्डे यांनी विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती रावजी महादू भोये, वय ६२, यांच्यासह राहते. मुलगा राजू सातपूरला कंपनीत कामाला असून तिकडेच राहतो. माझे पती बुधवारी घरातून गेले ते आजपर्यंत परत आलेले नाहीत. त्यांचा शोध व्हावा म्हणून हा जबाब देत आहे.

माझे पती तरुणपणापासून लाल बावट्याचे काम करतात. वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी ते तुरुंगात गेले, मुंबईपर्यंत पायी गेले. गावातल्या बहुतेक घरांना जमिनीचा कागद मिळाला तो त्यांनी उंबरठे झिजवले म्हणून. मी लग्न होऊन आल्यापासून आमच्या गावात दुसऱ्या कोणाला मत पडल्याचे ऐकले नव्हते. गावाचे नाव काढले की त्यांची छाती फुगायची. मी म्हणायची, तुम्ही गावाशीच लग्न लावायचे होते, मला कशाला आणले.

यंदा विधानसभेला समोरच्या पक्षाचा माणूस निवडून आला. त्याने देवळाला पत्र्याचा सभामंडप दिला होता, भजनी मंडळाला पेटी-पखवाज दिला होता आणि देव-धर्म वाचवायचा तर मला निवडा असे सांगत तो फिरला होता. हरणे आम्हाला नवे नाही. पण मतमोजणीला बसलेला आमचा कार्यकर्ता अश्विन फोनवर म्हणाला, "बाबा, आपल्या गावच्या मशीनलाबी तोच पुढं हाय." पतींनी त्याला पुन्हा बघायला सांगितले. तो म्हणाला, "नीट बघितलं बाबा. किती येळा बघू?"

त्या संध्याकाळी गावात फटाका वाजला नाही की गुलाल उडाला नाही. जिंकलेल्या बाजूचा म्हणून एकही माणूस गावात नव्हता. पती घरोघर गेले. प्रत्येकाने गळ्याला हात लावून सांगितले की मत बावट्यालाच दिले. सकाळी उठून पाहते तर सगळ्या घरांवर बावटे. ज्यांच्या छपरावर कधी नव्हता त्यांनीही लाल लुगडे फाडून लावला होता. मला ते बघून बरे वाटायला हवे होते, पण वाटले नाही. पतींना मात्र चेव आला. खोट मशीनमध्ये आहे आणि ती आपण नाशिकच्या कलेक्टर साहेबांना दाखवून देऊ, असे ते म्हणाले.

गावात वाद झाला की घोंगडीखाली धान्य टाकायची आमच्याकडे जुनी चाल आहे. घोंगडीखाली दोन परातींत दोन धान्ये आणि मध्ये हंडा ठेवतात. माणसाने हात आत घालायचा, चाचपून हवे ते धान्य चिमूटभर उचलायचे आणि हंड्यात टाकायचे. कोणी काय टाकले हे दिसत नाही आणि विचारायचेही नसते. पतींनी ठरवले की नागली म्हणजे बावटा आणि तांदूळ म्हणजे समोरचा. पराती मी भरल्या. नागली बोटांनी सारखी केली, हे मला आठवते.

बुधवारी सकाळी सगळे गाव देवळात जमले. पहिला हात पतींनी घातला. मग बाकीचे एकेक करून गेले. कोणी खोकले नाही, कोणी चेष्टामस्करी केली नाही. एरवी आमच्या बायका देवासमोरही गप्प बसत नाहीत. शेवटी शेवटी घोंगडीखालून पितळेवर नखे घासल्याचा आवाज येऊ लागला. मला वाटले हंडा सरकला असेल. ज्याचा हात आत होता तो माणूस समोर बघत होता आणि त्याच्यामागचा आपली पाळी यायची वाट बघत होता.

पतींनी हंडा सुपात पालथा केला. सगळा तांदूळ निघाला. नागलीचा एक दाणा नव्हता. मी घोंगडी उचलली. तांदळाची परात तळापर्यंत खरवडलेली होती आणि नागलीवर माझी बोटे जशीच्या तशी उमटलेली होती. कोणी कोणाकडे पाहिले नाही. चिमाजी हे पतींचे लहानपणापासूनचे मित्र, ते म्हणाले, "चला, भाताची झोडणी पडलीय." सगळे उठून गेले.

घरी आल्यावर पती मला म्हणाले, "सगळे नागलीच टाकतील याची मला खातरी व्हती. पण झाडून सगळी नागलीच निघाली तर साहेब म्हनतील, बनाव हाय. खरं वाटावं म्हनून मीच एक चिमूट तांदूळ टाकला." मला आधी हसू आले, कारण हा असला शहाणपणा त्यांनाच सुचावा. मग हसू विरले. ते म्हणाले, "आता माझी चिमूट कंची, हे कोन सांगल?" मी म्हटले, अहो, मला ठाऊक आहे ना. तेव्हा त्यांनी विचारले, "आन तुझी?"

मी भाकरी थापत राहिले. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग टोपी घातली आणि डोंगराच्या वाटेने गेले. मी हाक मारली नाही. त्याचे मला फार वाईट वाटते.

तेव्हापासून गाव माझ्याशी फार गोड वागते. शोधायला चला म्हटले की सगळे उठतात, चपला घालतात, शिवेपर्यंत येतात आणि तिथे थांबतात. पुढे मी एकटी जाते. परत येते तेव्हा ते तिथेच उभे असतात. रोज कोणीतरी ओट्यावर पिठले-भाकरी ठेवून जाते. आमच्याकडे सुतकाच्या घरी चूल पेटवू नये म्हणून असे आणून देतात. मी शेजारच्या अक्काबाईला विचारले, "कोन मेलं गं?" ती म्हणाली, "कोनी नाय, वयनी. तुम्ही जेवून घ्या." अजून छपरांवर बावटे आहेत.

पतींचे वर्णन: रंग सावळा, अंगाने सडपातळ, डाव्या भुवईवर लाठीची जुनी खूण, अंगात पांढरा सदरा व पायजमा, डोक्यावर टोपी. माझा कोणावरही संशय नाही, आणि कोणाला सोडून संशय घ्यावा तेही मला कळत नाही.

मी घोंगडीखाली काय टाकले, असे हवालदार बाईंनी विचारले. ते मी माझ्या पतींना सांगेन. त्यांनी मला विचारले होते, पोलिसांनी नाही. आधी त्यांना शोधून आणा.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखविला. त्यात मी बोलले तेवढेच आहे, जास्तीचे काही नाही, म्हणून खाली अंगठा देत आहे.