दौलतीचा बेलभंडार

ऐका. जाळाजवळ सरका, आन् मधीच कुनी खोकू नका. माझा धागा तुटतो.

हैबती घरातनं निघाला तवा चांगलीच रात झाली व्हती. त्याच्या आईला घरघर लागलेली. वैदू पल्याडच्या वाडीत. गाडीवाट लांबची, ओढ्याच्या वाळूतनं जवळची. आता ओढ्यातनं रात्रीचं जाऊ नये, हे आपल्यात शेंबडं पोर बी जानतं. पर आई चालली म्हनल्यावर मानूस वाट निवडत बसतो व्हय? दिवसभर पोटात काय न्हाई म्हनून बायकोनं फडक्यात भाकर बांधून दिली. ती कमरेला खोवली आन् उतरला गडी ओढ्यात.

थांबा, आधी त्याच्या थोरल्या भावाचं सांगतो. त्याबिगर पुढलं कळायचं न्हाई.

थोरला दौलती. पहिल्या मोठ्या लढाईत पलटनीत गेला, पार बसऱ्याकडं. त्या वक्ताला दर्या ओलांडलेल्याला जातीबाहेर टाकायचे. म्हनून जायच्या दिशी आईनं त्याला खंडोबाच्या पायरीवर बेलभंडार उचलून शपथ घ्याया लावली. "मुलखाबाहेर अभक्ष्य खानार न्हाई, म्हन." म्हनला बिचारा. लेकरू परत यावं, चार मानसांत बसावं, एवढंच तिच्या मनात. मायेनंच केलं, बाबांनो.

तिकडं नदीकाठच्या एका गावात पलटन कोंडली. बाहेरनं तुर्कांचा वेढा. दाना संपला. मग सायबानं पलटनीचीच घोडी कापाया काढली. कुनी खाल्लं, लई जनांनी न्हाई खाल्लं. दौलती म्हनला, मी बेलभंडार उचललाय. गवत उकडून खाल्लं गड्यानं! शेवटी पलटन शरन गेली. तुर्कांनी समद्यांना वाळूतनं हाकललं, भर उन्हात, बिनपान्याचं, चाबकाखाली. बसला तो ऱ्हायला. दौलती बसला. ना चिता, ना तोंडात पानी.

हे सांगितलं संगतीच्या बाळकूनं. तो घोडं खाऊन जगला, घरी आला. हैबती त्याच्या पाया पडला, आईजवळ बोलू नगं म्हनला. म्हातारीला सांगितलं, गोळी लागली, झटक्यात गेला.

हां. तर हैबती ओढ्यात. टिपूर चांदनं. चालतोय, चालतोय, आन् ओढा रुंद व्हाया लागला! काठावरची करंजं दिसंनात. गावचा दिवा दिसंना. जिकडं बघावं तिकडं वाळू. मागनं टापा आल्या. टप, टप, टप. वळून बघतो तर घोडं! खोगीर न्हाई, लगाम न्हाई. शेजारनं गेलं आन् काय बघतो, मांडीचं मांस कापून नेलेलं, हाड उघडं. आन् तरी चालतंय! आरारारा!

त्यानं डोळं मिटलं. उघडलं तर घोडं गायब, आन् मांस शिजल्याचा वास. हैबतीच्या पोटात आग पडली. म्हयनाभर उपाशी असल्यागत. तोंडाला पानी सुटलं मेल्याच्या. भाकर काढली, मोडली, आन् बोटांतनं गळली ती वाळू!

मग मानसं आली. रांगंनं. पिंढरीला पट्ट्या, अंगावर चिंध्या. रांगंतनं एकजन बाहेर आला. गाल आत गेलेलं, पर वळखू आला. दौलती.

"हैबत्या."

रात्रीच्या पहिल्या हाकंला ओ द्यायची न्हाई. ठावं व्हतं त्याला. पर भावाची हाक व्हती. "दादा!" म्हनला.

"आईला इचारून ये. खाऊ का?"

"खा, दादा! मी सांगतो, खा!"

"शपथ तू घातलीस व्हय? जिनं घातली तिनं सोडवाय पायजे. न्हाईतर चल, रांगंत हो."

आन् मनगट धरलं. दुपारच्या वाळूवानी तापलेला हात! ओढला, ओढला, हैबती गुडघ्यापातुर वाळूत गेला.

"इचारतो, दादा! आईची आन, इचारतो!"

हात सुटला. हैबती जो पळाला तो दारात येऊन आडवा पडला. मनगटावर पाच बोटं भाजल्याली. मरस्तवर व्हता तो डाग. मी बघितलाय.

वैदू ऱ्हायला वाडीत. म्हातारीनं डोळं उघडलं. "हैबत्या, माझ्या दौलतीनं बेलभंडार पाळला असंल का रं?"

आता काय करावं, सांगा! बोलावं तर दादा सुटतो. पर आपल्याच शपथंनं लेकरू उपाशी मेलं, हे घेऊन म्हातारी जानार. हैबतीनं तोंड उघडलं. आईच्या तोंडाकडं बघितलं.

"पाळला, आये."

"मग झालं," म्हनली. हसली. हसता हसताच गेली.

पुढं हैबती लई येळा ओढ्याच्या काठाला उभा ऱ्हायला. वाळूत उतरायचा धीर न्हाई झाला. काठावरनंच वरडायचा, "दादा, आई म्हनली, खा!" मेलेल्याला खोटं कळतं. वाळूतनं एवढंच यायचं, "हैबत्या, इचारलंस का रं?"

हैबती गेला. हाक अजून हाय.

म्हनून सांगतो, किती बी नड असू द्या, रात्रीचं त्या वाळूत पाय घालू नका. तो तुमाला बी इचारंल, खाऊ का. त्याला हो म्हनायचं एकच तोंड व्हतं, आन् ते हसत हसत जळून गेलं.